अस्वल निघून गेलं

१९ जून
बिलिंग्ज, दवाखाना

ड्वाइट,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे शेगडीत टाकणार असशील, तर आधी एवढं वाच. आई बरी आहे. तिला काही झालेलं नाही. आता टाकायचं तर टाक.

बाबांना अस्वलानं फाडलंय. यलोस्टोनमध्ये, लोन स्टारच्या वाटेवर. मी सोबत होते. माझ्या खांद्यात दात रुतले होते आणि गुडघे सोलवटलेत, बाकी मी धड आहे. बाबांच्या डोक्याची कातडी कपाळापासून मागे सोलली गेली होती. डावा कान गेला. डावा डोळाही जाईल म्हणतात. पाठीबद्दल लिहीत नाही. जनावरांच्या दवाखान्यात मी कुंपणाच्या तारेत फाटलेले घोडे धरून उभी असते, पण बाबांची पट्टी काढली तेव्हा मला बाहेर जाऊन बसावं लागलं.

त्यांचा वाढदिवस होता. म्हणाले, जमिनीतून उडणारं गरम पाण्याचं कारंजं बघायला जाऊ. ओल्ड फेथफुल नको, तिथं माणसं बाकांवर आइस्क्रीम चाटत बसतात आणि पाणी उडालं की टाळ्या वाजवतात. लोन स्टारला जाऊ, तिथं कुणी नसतं. आईचा गुडघा दुखत होता, ती घरी राहिली. रस्त्यात बायसनांचा कळप आडवा आला, गाड्यांची रांग लागली. एक बाई खाली उतरून वासराजवळ फोटो काढायला गेली तेव्हा बाबा खिडकीतून ओरडले, "जा गं जा, शिंगावर बसवून नेईल तुला घरी!" तेच ते. जसे होते तसेच आहेत.

नदीकाठची सपाट वाट तुला आठवत असेल. वारा समोरून होता. आम्ही दोघं गप्प चालत होतो, त्यामुळे तिला आमची चाहूल लागली नाही. वळण घेतलं आणि ती समोर. ग्रिझली अस्वलीण, मागे दोन पिल्लं. तिचं गुरगुरणं नाही की उभं राहणं नाही, सरळ अंगावर आली. बाबांनी माझा दंड धरून मला पालथं आपटलं आणि वर पडले, पाय पोटाशी घेऊन, हात मानेमागे बांधून.

ड्वाइट, मी खाली होते. मला दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. ती त्यांचं डोकं चावत होती आणि दात हाडावरून घसरत होते. तो आवाज आहे ना, तो अजून माझ्या कानातून जात नाही. मग तिनं त्यांना खांद्यात धरून झटकलं, कुत्रा चिंधी झटकतो तसं, आणि त्यांच्यासोबत मीही हलले. त्यांचं रक्त माझ्या मानेवरून तोंडात आलं. ते ओरडले नाहीत. लाथ मारली नाही. माझ्या कानाशी एवढंच म्हणत होते, "हलू नको पोरी. हलू नको."

ती गेली. मग परत आली. मग खरंच गेली.

मी माझा शर्ट काढून त्यांच्या डोक्याला घट्ट बांधला. त्यांच्या डोळ्यांत रक्तच रक्त, काही दिसत नव्हतं. तेवढ्यात झाडांपलीकडे कारंज्याचा आवाज सुरू झाला, जमिनीतून कुणी श्वास सोडावा तसा. बाबा म्हणाले, "उडतंय का?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "किती वर जातंय?" मी म्हटलं, झाडांच्याही वर. मी बघितलंसुद्धा नव्हतं. सायकलवरून एक जोडपं आलं, ती बाई माझ्याकडे बघून किंचाळली, आणि नवरा मदतीला माणसं आणायला उलटा धावला. मग हेलिकॉप्टर.

तू ये. तुझं आणि त्यांचं जे आहे ते आहे, मी काही मिटवायला सांगत नाही. पण ते पळाले असते तर मी हे लिहायला उरले नसते. माझ्यासाठी ये.

कॉरी


३० जून
गार्डिनर

ड्वाइट,

तुझी दोन कार्डं आली. पहिल्याच्या पुढच्या बाजूला समुद्रातला दीपस्तंभ, मागे दोन शब्द. "मेला का?"

नाही. मेले नाहीत. पाठीची चामडी मांडीवरून काढून लावली. डोळा काढून टाकला. जखम पिकली, तापात बडबडत होते, आता ताप उतरलाय. पुढच्या आठवड्यात घरी आणायचंय.

त्याच कार्डाला चिकटपट्टीनं कागद जोडून पुन्हा लिहिलंयस, "अस्वल जिवंत आहे ना?" आहे. रेंजरनी विचारपूस केली. पिल्लांसाठी आली होती, तिला मारणार नाहीत. बाबाही तेच म्हणाले, "तिची काय चूक." तू हसशील हे वाचून. मलाही हसू आलं, आणि टाके ताणले.

तू दुसऱ्या कार्डावर विचारलंस, "म्हातारा गप्प चालतो?" एवढंच विचारलंस, आणि मी चार दिवस त्याचं उत्तर लिहीत आणि फाडत बसले. उभं आयुष्य खेचरांची रांग घेऊन डोंगरात गेलेला माणूस. शिकारी पाहुण्यांना पहिल्या दिवशी बजावतो की अस्वलांच्या रानात तोंड बंद ठेवून चालू नका, बोला, गा, शिव्या द्या. तो माणूस गप्प का चालेल, हे तुला बरोबर खटकलं.

आम्ही बोलत नव्हतो. गाडी उभी केली तिथंच त्यांनी मला मारलं होतं.

मी त्यांना सांगितलं होतं की तुला मुलगी झालीय. वाढदिवस होता, मन जरा मऊ असेल असं वाटलं. म्हटलं, "नाव ओलेटा ठेवलंय बाबा. आईचं." ते बूट बांधत होते. बांधून झाले, उभे राहिले, आणि उलट्या हातानं. मी गाडीच्या दारावर आदळले. माझ्या पट्ट्याला तिखटाच्या फवाऱ्याचा डबा होता, अस्वलाच्या तोंडावर मारायचा. तो त्यांनी ओढून काढला, "हे पाहुण्यांचं खेळणं कशाला बांधलंयस," म्हणून नदीत भिरकावला. मग चालू लागले. आणि मी मागे गेले. सदतीस वर्षांची बाई, स्वतःचं घर, स्वतःची गाडी, किल्ली खिशात. तरी मागे गेले. मी का गेले हे विचारू नकोस.

हे मी लिहिलं नव्हतं, कारण तुझ्या पोरीच्या नावावरून हे झालं असं तुला वाटू नये. त्या नावानं काही झालेलं नाही. नाव चांगलं आहे.

आणि आईचा गुडघा आपोआप दुखत नव्हता. मागच्या दारच्या पायऱ्यांवरून ती "घसरली". तुला माहीत आहे त्या पायऱ्या कशा घसरवतात.

अजून एक सांगते. अस्वलीण परत आली ती माझ्यामुळे. पहिल्यांदा गेली तेव्हा मला हुंदका फुटला. झुडपं परत मोडली. तेव्हा बाबांनी मानेमागचा एक हात काढून माझ्या तोंडावर दाबला आणि तसाच ठेवला, आणि त्या वेळी तिनं त्यांचा कान नेला. तोच हात, ड्वाइट. अर्ध्या तासापूर्वी मला मारलेला. मी त्या हाताचा वास घेत होते आणि जिवंत राहत होते.

आता ये म्हणत नाही. पण लिहीत जाऊ दे.

कॉरी


२१ जुलै
गार्डिनर

ड्वाइट,

आज जे झालं ते ताजं आहे तोवर लिहिते.

बाबा घरी आल्यापासून गाव लोटलंय. कुणी बटाट्याचं भरीत ओव्हनमध्ये भाजून आणतं, कुणी हरणाचं मटण. शेजारचा लायमन तर रोज येतो. पेपरवाल्यानं फोटो काढून नेला. दुकानात बायका माझे हात हातात घेतात आणि म्हणतात, "असा बाप मिळायला नशीब लागतं." मी म्हणते, हो. बिल देते आणि बाहेर येते.

बाबा बदललेत, असं मला वाटत होतं. बोलत नाहीत. आई घास भरवते तर खातात. एकदा तिनं पाण्याचा ग्लास ठेवला तेव्हा चक्क "थँक्यू" म्हणाले, आणि आई अशी दचकली की पाणी सांडलं.

आज रविवारी चर्चनंतर लोक जेवायला आले. पाद्री आणि त्यांची बायको, लायमन, मी. आई वाढत होती. लायमननं दोन बिअर घेतल्या होत्या. तो म्हणाला, "एक कळत नाही व्हर्ल. इतर कुणी असता तर मी समजलो असतो. पण तू? तू तर खेचरानं शेपटी मारली तरी त्याला ठोसा मारणारा माणूस. अंगावर अस्वल चावतंय आणि तू हात मानेमागे बांधून, पाय पोटाशी घेऊन, गप्प पडून? कुठं शिकलास रे हे?"

बाबांनी काटा खाली ठेवला. जबडा कटकन वाजला, तू फोडलेला, अजून वाजतो. म्हणाले, "ओलेटाकडून."

लायमन हसला. त्याला वाटलं विनोद आहे, बायको नवऱ्याला गप्प बसायला शिकवते वगैरे. पाद्रीसुद्धा हसले. त्यांची बायको हसली नाही. तिनं आईकडे बघितलं. आई मक्याची कणसं घेऊन उभी होती. तिनं ताट टेबलावर ठेवलं, कुणाला काही हवंय का विचारलं, आणि स्वयंपाकघरात गेली.

मला एकदम दिसलं ड्वाइट. तुलाही दिसत असेल. फ्रिज आणि सिंक यांच्यामधली जागा. लाल फरशी. आई कुशीवर, गुडघे पोटाशी, बोटं मानेमागे एकमेकांत अडकवलेली. आपण जिन्यावरून बघायचो. मला वाटायचं ती झोपलीय. तू माझे कान झाकायचास.

लोक गेले. बाबा काठी टेकत स्वयंपाकघरात आले. मी भांडी पुसत होते. मला बाहेर जा म्हणाले नाहीत, म्हणून मी थांबले.

म्हणाले, "ओलेटा, मला तिथं कळलं."

आई ताटं धूत होती. "काय कळलं?"

"खाली पडलं की कसं असतं ते. आपण हललो की ते परत येतं. श्वास घेतला तरी येतं. त्याचं मन भरेपर्यंत थांबायचं, दुसरं काही हातात नसतं." त्यांचा उरलेला डोळा भरला होता. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. "मला सगळं कळलं."

आईनं नळ बंद केला. हात पुसले. इतक्या शांतपणे की मला भीती वाटली.

"अस्वल गेलं ना?"

"गेलं."

"परत आलं का, त्यानंतर?"

"नाही."

"मग तुला काही कळलेलं नाही, व्हर्ल. तुझं अस्वल निघून गेलं. माझं संध्याकाळी जेवायला घरी यायचं. मी त्याच्यासाठी पाव भाजायची."

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. हात हलला नाही. आईनं परत नळ सोडला.

तू म्हणशील, एवढ्यानं काय होतं. मला माहीत नाही काय होतं. पण ती हे बोलली. मोठ्यानं, त्याच फरशीवर उभी राहून. तुला कळावं म्हणून लिहिलं.

कॉरी


१६ ऑगस्ट
बोझमन विमानतळ

ड्वाइट,

हे पत्र आईच्या पर्समध्ये ठेवतेय. तिला वाटतंय मी तुला विमानाच्या वेळा लिहितेय. ती समोरच्या खुर्चीत बसून केक खातेय आणि विमानं बघतेय. फोनवर मी घाईत होते, नीट सांगितलं नाही.

तुझं कार्ड, "आईला विचार, येतेस का", मी तिला दिलं होतं. तिनं वाचलं आणि पिठाच्या डब्यामागे खोचलं. मला वाटलं, संपलं.

आज सकाळी ती त्याच्या पाठीची पट्टी बदलत होती. कापड चिकटलं होतं. तिनं पाण्यानं भिजवलं, हळूच ओढलं, तरी खपली निघाली. तो ओरडला. मग उठला. आई सांगते, त्या चेहऱ्यावर सगळं परत आलेलं तिनं बघितलं. दोन महिन्यांची पुण्याई एका खपलीत गेली. त्यानं हात उचलला.

ती खाली पडली नाही. म्हणाली, मला पडायचंच होतं, गुडघे वाकले होते, पण मी म्हटलं थांब, बघू काय होतं. आणि उभी राहिली. त्यानं जोर लावून मारलं. पण त्याला एकच डोळा आहे. ती होती एक हात डावीकडे, आणि त्यानं मारलं हवेत. त्याच झोकात फिरला आणि शेगडीच्या कडेवर तोंडावर पडला. कपाळाची शिवण उसवली.

आई म्हणाली, रक्त बरंच होतं. तिनं बघितलं. तो "ओलेटा, ओलेटा" करत होता. मग तिनं खुर्ची ओढली, बसली आणि अर्धवट राहिलेली कॉफी प्यायली. गरम होती अजून. ती संपवून मला फोन केला. "कॉरी, तुझा बाप पडलाय. डोकं परत शिवायला लागेल. आणि येताना गाडीत पेट्रोल भरून ये, मला लांब जायचंय."

मी पोचले तेव्हा ती मागच्या पायऱ्यांवर बसली होती, कोट घालून, ऑगस्टच्या उन्हात. शेजारी तिची निळी बॅग. आत तो, फ्रिज आणि सिंकच्या मधे. त्याच जागी. कुशीवर. मी टॉवेल दाबून धरला. शिवण फार उसवली नव्हती. रक्त दिसायला भयंकर, जखम एवढीशी. त्यानं माझं मनगट पकडलं.

"तिला थांबव," म्हणाला. "पोरी, मी तुझ्यावर पडलो होतो. माझं मांस गेलं तुझ्यासाठी. एवढं कर."

माझ्या आयुष्यात कुणी मला याहून खरं काही म्हटलेलं नाही. मांस गेलंच. मी त्याच्याखाली होते, मला माहीत आहे किती गेलं. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. म्हटलं, "लायमनला बोलावते. तो तुला दवाखान्यात नेईल."

"आणि तू?"

"मी आईला सोडून येते."

"येतेस ना?"

मी म्हटलं, येते. आणि येणार आहे, ड्वाइट. यावर तू मला काय म्हणशील ते मी आधीच ऐकलंय, कार्डावर लिहू नकोस. मी परत जाईन, त्याची पट्टी बदलेन, सूप ठेवेन आणि संध्याकाळ व्हायच्या आत माझ्या घरी येईन. त्यानं हात उचलला तर दुसऱ्या दिवशी लायमन जाईल, नाहीतर कुणी जाणार नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. ऐकलं की नाही, माहीत नाही. मी त्याला माफ केलेलं नाही आणि त्याला कुजू देणंही मला जमत नाही. सध्या मी एवढीच आहे.

गाडीत आई दरीपर्यंत मांडीवरची बॅग धरून बसली होती. नदी लागली तेव्हा म्हणाली, "त्याचा नेम चुकला." मग परत म्हणाली, "नेम चुकला गं त्याचा," आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला गाडी बाजूला घ्यावी लागली. मीही हसले. कुंपणापलीकडे हरणं मान वर करून आमच्याकडे बघत राहिली. मग ती रडली. बराच वेळ. मग म्हणाली, भूक लागलीय.

आता तुझ्यासाठी थोडं.

ती बाहेर जेवायला गेली की पाठ भिंतीला लावून बसेल. तशी खुर्ची दे. दार आपटू नकोस, वाऱ्यानं आपटेल तर खाली काहीतरी अडकवून ठेव. तुझा आवाज बाबांसारखा झालाय, फोनवर क्षणभर मीच फसले. दुसऱ्या खोलीतून तिला हाक मारू नकोस, समोर जाऊन बोल. तिच्या हातून काही फुटलं तर ती तुझ्याकडे बघेल. तू फक्त केरसुणी आण.

ती पहिल्याच सकाळी उठून सगळ्यांसाठी पाव भाजायला घेईल. नको म्हणू नकोस, पण पहिला तुकडा तिला खायला लाव. धाकट्या ओलेटाला तिच्या मांडीवर दे आणि तुम्ही दोघं बाहेर जा. ती बाळाशी काय बोलते ते ऐकायला थांबू नकोस.

रात्री ती उठून दाराची कडी बघायला जाईल. जाऊ दे. दिवा लावून ठेव म्हणजे अडखळणार नाही. फक्त पहिल्याच दिवशी तिला हाताला धरून ने, आणि दाखव की कडी आतून आहे.

तिचं विमान लागलं. केकचा तुकडा रुमालात बांधून घेतलाय, तुझ्यासाठी.

कॉरी